कासारानं म्हणायची ओळ

(सांगणार : मैमूनभाभी, बांगड्या भरणाऱ्या, कवठे महांकाळ)

बसा की ताई. न्हाई, त्या खुर्चीवर नका, तिचा एक पाय हालतोय, हितं सतरंजीवर बसा. मी मातुर एका जागी बसून सांगणार न्हाई बरं का, मला बसवतच न्हाई, मी आपली ह्ये बांगड्यांचे डबे लावत लावत बोलते, तुमी तुमचं रेकॉर्डिंग चालू करा. आजवर लोकांची गाणी मी आसा फोन म्होरं धरून घेतली, आन आज माझ्याच तोंडाम्होरं कुणी तरी फोन धरलाय म्हणून जरा हसू येतंय, दुसरं काय न्हाई.

माझा जलम कोरेगावचा. बाप भांड्यांना कल्हई करायचा, बाजाराच्या दिवशी पेठंत एका कोपऱ्यात त्येचा भाता असायचा, आन लग्नसराईच्या आधी घरात पितळंची भांडी इतकी साचायची की आमाला पाय ठेवायला जागा नसायची. आमी मुसलमान, घरात आपसात आमचं कायकू-कैसा चालायचं, पन आई जात्यावर बसली की मराठीत म्हणायची, आन सगळी भावाची गाणी, भाऊ घोड्यावर बसून आला, भावानं चोळी आणली, आन खरं सांगू का, आईला भाऊच न्हवता. मी इचारलं, आई, तुला तर भाऊ न्हाई, मंग ह्यो घोड्यावरचा कोन? तर आई म्हणली, गप बस, दळताना सगळ्यांना भाऊ असतो. ती माझी आई. गेली बिचारी, तिचं एक बी गाणं माझ्याजवळ न्हाई, तवा कुटला फोन आन कुटलं काय.

लगीन होऊन मी हिकडं आले, कवठे महांकाळला. सासर मणेराचं, म्हणजे बांगड्या भरणाऱ्यांचं, पन गावोगावच्या बाया मणेर बिणेर म्हणत न्हाईत, त्यांच्या तोंडी सगळे कासारच. मालकांचं नाव दस्तगीर. सायकलीला मागं पेटी बांधून ह्ये सगळं रान पालथं घालायचा, बाजार, जत्रा, लग्नाचे चुडे. चुडा म्हणजे तुमाला ठावं असंल, नवरीच्या हातात लग्नाआधी हिरव्या बांगड्या भरत्यात त्यो. त्या दिवशी कासाराचा मान लय मोठा बगा, त्याला पाटावर बसवायचं, सुपारी-नारळ द्यायचा, आन बांगड्या भरून झाल्या की नवरी कासाराच्या पाया पडणार, मग तो कासार हिंदू असो न्हाईतर आमच्यातला असो.

आन मालक घरात आसा अबोल की काय सांगू तुमाला. चांगला हुता, वंगाळ न्हवता, हात उगारला न्हाई कवा, पन बोलणं म्हणजे काय, तर जेवाण वाढ, दार लाव, त्यो डबा हिकडं कर. मी इचारायचे, आवो, आज कुटल्या गावाला गेला हुता? तर म्हणायचा, गावाला. मंग मी तरी काय बोलणार? भिताडाला बोलल्यासारखं व्हायचं. मी आपली पोरगी सांभाळत डबे लावत बसायचे, आन मनात म्हणायचे, आसूदे, काही माणसं आसत्यात आशी.

एका बाजाराच्या दिवशी छातीत कळ आली म्हणला आन दवाखान्यापातूर पोचलाच न्हाई. मी इद्दतीला बसले, म्हणजे आमच्यात नवरा गेल्यावर बाईनं घराबाहीर पडायचं न्हाई तेवढे दीस. गल्लीतल्या बायांनी माझ्या हातातल्या बांगड्या उतरवल्या. घरात बांगड्यांचे डबे छतापातूर, आन माझे हात मोकळे. मी त्या डब्यांकडं बगत बसायचे, बसायचे म्हणते, पन बसवत कुटं हुतं, ह्या भिताडापासनं त्या भिताडापातूर चालायचे निस्ती. इद्दत सरली तशी मी पेटी उचलली आन वडापच्या जीपमधी बसले. दीर म्हणला, भाभी, बाईमाणसानं आसं फिरू ने. मी म्हणले, मंग तू फीर.

आता एक गोष्ट सांगते, ती ध्येनात ठेवा, न्हाईतर म्होरचं कळायचं न्हाई. आमच्या धंद्यात बांगडी फुटली आसं म्हणत न्हाईत. वाढली म्हणायचं. दुकानात माझ्या हातनं डबा पडून पार चुरा झाला तरी मी म्हणणार, वाढल्या. फुटणं ह्यो शब्द कासाराच्या तोंडात शोभत न्हाई, आन चुड्याच्या दिवशी तर इसरूनच जायचा. दीर मला फिरू देत नसला तरी ह्ये पहिल्याच दिवशी त्यानं मला बजावलं हुतं.

तर बाया मला बोलवाय लागल्या, भाभी आली, भाभी आली म्हणून, पन चुड्याला न्हाई. चुड्याला मोकळ्या हाताची बाई कशी चालंल? त्या मिरजंसनं न्हाईतर सांगलीसनं कुणीतरी पुरुष कासार बोलवायच्या. तोंडावर कुणी काय बोललं न्हाई, बोलायला तोंड गोडच आसतं, भाभी, तुमाला कशाला तरास, आसं म्हणायच्या. मी बी म्हणायचे, व्हय की, मला कशाला तरास. आन घरी येऊन डबे आपटायचे.

गाण्याचा नाद कसा लागला ते सांगते. बेदाण्याच्या शेडवर बाया बेदाणा निवडत बसत्यात, तितं मी जायचे. कष्टाचे हात, सांधं जाड, बांगडी अंगठ्याच्या मुळाशी आली की आडायची. दुखतंय म्हणून बाई हात आवळून धरती, आन आवळला की आजूनच दुखतंय. एकदा एक बाई आपल्याच नादात गुणगुणत हुती, आन तिच्या हातात बांगडी लोण्यातनं गेल्यासारखी गेली. तवा मला कळलं, बाई गाणं म्हणाय लागली की हात आपोआप सैल पडतो. तवापासनं माझं ठरलं, हात हातात घेतला की म्हणायचं, म्हणा वैनी एखादं, तोवर मी भरते. आधी ती माझी युगतच हुती निस्ती, धंद्याची. मंग गाणी आवडाय लागली. मंग बांगडी भरून झाली तरी मी हात सोडंना, वैनी, म्होरचं म्हणा की, आसं व्हायला लागलं. मंग पोरीनं तिचा जुना फोन दिला, त्यात रेकॉर्डिंग शिकले, आन मंग तर काय, बांगड्या राहिल्या बाजूला, पंचमीची गाणी कुटं हायत, पाळण्याची कुटं हायत, विहिणीला शिव्या द्यायची कोन म्हणतंय, हेच माझं चालू झालं. पोरगी म्हणती, अम्मी, तुझ्या पायाला भिंगरी हाय. हाय तर हाय. कोन म्हातारी आजारी हाय आसं ऐकलं की मला घरात थांबवत न्हाई, वाटतं ही गेली की हिच्या पोटातलं गेलं, आन माझ्या आईचं गेलं तसं मला आता कुणाचं जाऊ द्यायचं न्हाई.

सांगलीला कॉलेजात एक मॅडम हायत, त्यांना ह्ये कळलं, त्या माझ्याकडनं गाणी उतरून घेत्यात त्यांच्या संगणकात. लय चांगल्या हायत. त्या म्हणत्यात, भाभी, तुमचं काम लय चोख हाय. आन चोख हाय खरं, कारण मी एक नेम पाळला, गाण्यात घालायचं न्हाई आन गाण्यातलं काढायचं न्हाई. एका गावात सरपंचबाईनं पाळण्याच्या गाण्यात आपल्या पाणी योजनेचं नाव घातलं, मी फोन बंद केला आन म्हणले, बाळ झोपायचं ऱ्हाईल बाजूला, वैनी, नळाचं पाणी कवा येतंय त्याची वाट बघत जागं बसंल. सगळ्या हसल्या. ती बाई माझ्याकडनं बांगड्या घ्यायची बंद झाली, पन गाण्याला गाणं म्हणून ऱ्हाऊ द्या की.

आता खरी गोष्ट. इतकी गाणी गोळा केली, पन एक गाणं मला घावंना, आन ते नेमकं माझ्याच धंद्याचं. चुड्याचं गाणं. नवरीचा हात कासाराच्या हातात असताना म्हणायचं. मी ज्या खोलीत कवा गेलेच न्हाई त्या खोलीतलं गाणं. बायांना इचारलं तर दोन ओळी म्हणायच्या आन म्हणायच्या, भाभी, ह्ये रिकाम्या हातावर म्हणू ने, नवरीचा हात म्होरं पाहिजे. सगळं गाणं येणारी एकच ऱ्हाईली हुती, तानाक्का. डोंगराकडच्या एका गावातली म्हातारी, डोळ्यानं अधू झालेली, पन आवाज आसा की चार घरं सोडून ऐकू यावा. तिनं मला बाकीचं सगळं दिलं, पंचमीचं, पाळण्याचं, खळ्यावरचं. चुड्याचं म्हणलं की तोंड फिरवायची.

मी तिच्याकडं किती खेपा घातल्या आसतील. कवा साखर घेऊन, कवा तिला आवडती तसली बारीक नक्षीची बांगडी घेऊन. दर टायमाला ती आधीपरीस वाळलेली दिसायची, खोकला वाढलेला, एक ओळ म्हणली की दम लागायचा, आन मला वाटायचं, की ही अशीच जाणार आन गाणं घेऊन जाणार. आन आता चुडे तरी कोन भरतंय तसे? नवऱ्या पार्लरात जात्यात, मंगल कार्यालयात डीजे, टीव्हीतला लाल चुडा दुकानातनं आयता आणत्यात. एकदा मी तिला म्हणले, आक्का, नवरी कुटनं आणू? हा घे माझाच हात, ह्यालाच नवरीचा हात समज आन म्हण. मी हात म्होरं केला. तिनं माझा मोकळा हात चाचपला, मनगटापातूर, आन सोडून दिला. म्हणली, तुझ्या हातावर? तुझ्या हातावर न्हाई गं म्हणवत. मी पेटी उचलून आले. मला लय लागलं ते. वडापमधी रडले मी. म्हणले, म्हातारी बी तसलीच, बाकीच्यांसारखी.

मंग तिच्या नातीचं लगीन ठरलं. स्वाती तिचं नाव, पोलिसात हाय, साताऱ्याला असती, नवरा खंडाळ्याकडचा, त्यो बी पोलिसातलाच. तिचा मला फोन आला, भाभी, चुडा तुमीच भरायचा, आजीनं सांगितलंय आन मला बी तेच पाहिजे. मी म्हणले, पोरी, तुझ्या घरात इचारलंय का? तर म्हणली, माझा हात हाय, मी घरात कशाला इचारू? पोलिसाची भाषा ती. त्या दिवसापासनं मला झोप न्हाई. फोन चार्ज करायचे आन परत बघायचे झालाय का. हिरव्या बांगड्या निवडल्या, परत निवडल्या.

गेले. तर दारातच स्वातीची आत्या उभी. आत्या म्हणजे तानाक्काची थोरली लेक. म्हणली, भाभी, राग मानू नका, तुमी आमच्या घरच्याच, पन चुड्याला नका बसू. मांडवात बसा, जेवा, आहेर घ्या, पन पोरीचा पहिला चुडा हाय. मी पेटी खाली ठेवली न्हाई, तशीच उभी. मला वाटलं, जावं परत. आतनं तानाक्काचा आवाज आला, कोन हाय गं दारात? आत्या म्हणली, कोन न्हाई. तानाक्का म्हणली, कोन न्हाई कशी, काच वाजलेली ऐकली मी, आत येऊ दे तिला. आत्या म्हणली, आई, अगं रीत हाय काय तरी. तर म्हातारी म्हणली, रीत मी जलमभर केली, आता मला गाणं म्हणू दे, दम हाय तवर.

मला पाटावर बसवलं. ताई, त्या पाटावर मी पहिल्यांदा बसले. स्वाती म्होरं बसली, हात दिला. हात काय, बंदुका धरून कडक झालेला, पन नवरीचा हात त्यो, हळदीचा वास येणारा. फोन मी पदराखाली चालू करून ठेवला. बाया गोल बसल्या. आन तानाक्कानं आवाज लावला,

कासारदादा, पेटी सोड, बस जोत्याच्या पायरी
माझ्या लेकीच्या हाताला भर हिरवी लहरी

बाया मागनं म्हणायच्या, मी एकेक बांगडी चढवायचे. एक ओळ झाली, दुसरी झाली. त्यात आईचं हुतं, बापाचं हुतं, सासरच्या वाटंचं हुतं. माझं भान गेलं हुतं, हात आपले चालत हुते. मंग तानाक्का थांबली, दम घेतला, आन म्हणली,

कासारदादा, खरं सांग, चुडा कंच्या गावाचा
किती दीस टिकंल रं, हिरवा रंग नावाचा

आन गप. बाया बी गप. मला वाटलं दम लागला म्हातारीला, मी वाट बघतीया. स्वाती माझ्याकडं बघतीया, बाया माझ्याकडं बघत्यात. शेवटाला एक बाई हळूच म्हणली, भाभी, म्हणा की, ही ओळ कासारानं म्हणायची असती.

काय सांगू तुमाला, माझ्या हातातली बांगडी तशीच हातात. इतकी वरसं मी ह्या गाण्याच्या मागं धावले, आन त्या गाण्यात एक जागा कासाराची हुती ह्ये मला कुणी सांगितलंच न्हाई. कोन सांगणार? ती जागा ज्याची त्यो माझ्या घरात जेवत हुता, झोपत हुता, कवा तोंडातनं काढलं न्हाई त्यानं. त्यो ती ओळ घेऊन गेला. आन आता इचारतंय कोन, तर तानाक्का, आन काय इचारतीया, तर चुडा किती दीस टिकंल. मला इचारतीया.

वाटलं, मला कुणी तरी सांगावं काय म्हणायचं असतं. जलमभर टिकंल म्हणायचं असतं का? ते तोंडावर आलं बी माझ्या. पन माझ्या हातात पोरीचा हात हुता, आन त्या हातावर मला खोटं बोलवंना. आन माझा नेम, घालायचं न्हाई, काढायचं न्हाई, त्यो बी तितंच डोळ्याम्होरं. पन सगळी खोली थांबलेली, म्हातारीचा दम धरून. मी डोळं मिटलं आन आलं ते म्हणले,

काच हाय बाई काच, हिची हमी देत न्हाई
फुटली तर दुसरी भरू, मनगट तुझं जात न्हाई

फुटली. चुड्याच्या दिवशी. कासाराच्या पाटावर बसून. माझ्या तोंडातनं गेला त्यो शब्द. आत्या म्हणली, अगं बया, काय बोलली ही! एक दोघी उठल्याच. मी मनात म्हणले, मैमून, झालं, आता ह्या गावात काय, ह्या डोंगराला बी परत पाय लागायचं न्हाईत तुझं. मी हात काढून घ्यायला लागले, तर स्वातीनं माझी बोटं धरून ठेवली, घट्ट, सोडंनाच. आन तितक्यात तानाक्का खोकली. आन मंग माझीच ओळ तिनं उचलली, तिच्या आवाजात, फुटली तर दुसरी भरू, मनगट तुझं जात न्हाई. दोन येळा म्हणली. आन दुसऱ्यांदा म्हणताना बाया बी मागनं म्हणल्या. मंग ती म्होरं गेली आन गाणं शेवटापातूर नेलं. ते मला मिळालं, सगळंच्या सगळं. चुडा भरून झाला तशी स्वाती वाकली आन माझ्या पाया पडली. आत्या चहा घेऊन आली, कप खाली ठेवला, माझ्याकडं बघितलं न्हाई. तिचं बी काय चुकलं? भाची हाय तिची.

जाताना मी तानाक्काच्या कानाशी बसले, म्हणले, आक्का, मला आता खरी ओळ सांग. कासारानं काय म्हणायचं असतं? तर म्हातारी म्हणली, खरी आन काय गं? ज्या कासाराला जे सुचंल ते त्यानं म्हणायचं. नवरीचं तोंड बघून म्हणायचं. दर चुड्याला निराळं. तुझा दस्तगीर तर लय भारी म्हणायचा, बाया त्येचीच वाट बघायच्या. मी म्हणले, कोन? म्हणली, तुझा मालक, दुसरं कोन. मी म्हणले, मंग तू मला इतकी वरसं सांगितलं का न्हाई? म्हणली, मी तुला ह्यो सवाल कशी घालू गं तुझा मोकळा हात हातात धरून? आता तू नवरीम्होरं बसलीस, कासार म्हणून बसलीस, मंग घातला.

म्हणजे म्हातारी मला टाळत न्हवती, मला जपत हुती. आन मी तिला वडापमधी बसून शिव्या घातल्या. गेली ती, लगीन झालं आन थोड्या दिसांत गेली. स्वाती ड्युटीवर जाताना चुडा उतरवून ठेवती आन सुट्टीला परत घालती, तिनंच सांगितलं फोनवर.

आता तुमी म्हणाल, गाणं मिळालं, आता तरी ही बाई एका जागी बसंल. कुटलं बसतीया. मॅडमना मी सांगितलं, त्यात एक ओळ माझी हाय, ती बाजूला काढा. त्या म्हणल्या, भाभी, काढून कसं चालंल, ती जागा रिकामी ऱ्हाईल. मी म्हणले, व्हय, हाच तर घोळ हाय. ते गाणं कवा पुरंच हुत न्हाई, ताई. जितके चुडे तितकी गाणी. आन त्यातली निम्मी ह्या रानातल्या बायांच्या डोक्यात पडल्यात, माझ्या मालकाची.

मंग मी ते धरलं. आता मी चाळिशीच्या, पन्नाशीच्या बाया बघून इचारते, आवं, तुमचा चुडा कुणी भरला हुता? दस्तगीरभाईनं? मंग काय म्हणला हुता त्यो? बऱ्याच जणी हसत्यात, म्हणत्यात, भाभी, कोन ध्येनात ठेवतंय, रडत हुतो आमी तवा. पन एकीनं सांगितलं, बेदाण्याच्या शेडवरची, तिला म्हणला हुता,

टिकायचं मी काय सांगू, चुडा हाय ह्यो काचंचा
जपून भांडी घास बाई, निम्मा दोष राखंचा

शेडवरच्या सगळ्या बाया हसल्या. मी बी हसले. आन घरी येताना मला आसा राग आला, आसा राग आला म्हणता! आवो, इतका इनोदी माणूस तुमी, गावोगाव बायांना हसवत फिरला, आन घरी मला म्हणायचा, डबा हिकडं कर? मी काय तुमची कोन न्हवते? रागानं रडले मी. मंग रडू गेलं आन राग ऱ्हाईला, मंग राग बी गेला आन इचार करत बसले, की मी तरी त्याला कवा म्हणले, गाणं म्हणा म्हणून? रानातल्या सगळ्या बायांना म्हणले.

ह्या उन्हाळ्यात मी कोरेगावला गेले हुते, भावकीत लगीन हुतं. तितं एक सुमनताई भेटली, आमच्या हिकडची माहेरवाशीण, आता नातवंडं झाली तिला. तिचा चुडा मालकानंच भरलेला, आन तिचं लगीन आमच्या लग्नानंतरच्याच उन्हाळ्यातलं. मी इचारलं. तिला पाठ हुतं, एक अक्षर इसरली न्हवती. म्हणली, भाभी, आमी तवा लय हसलो हुतो त्याला, नवीन लगीन झालेला गडी, लाजत लाजत म्हणला. आन मंग तिनं म्हणून दाखवलं,

किती टिकंल चुडा, मला बापड्याला काय म्हाईत
इचारून सांगतो तिला, बसलीया घरी वाट पाहीत

मी फोन चालूच केला न्हाई. सुचलंच न्हाई. सुमनताई म्हणली, परत म्हणू का? म्हणले, नको.

त्या दिशी त्यो घरी आला असंल संध्याकाळचा. सायकल लावली असंल, पेटी उतरवली असंल. मी पाणी दिलं असंल. जेवला असंल, झोपला असंल. मला काय आठवत न्हाई त्यो दिवस, लय आठवून बघते, पन सगळे दीस सारखेच हुते. त्यानं मला इचारलं मातुर न्हाई, एवढं नक्की. इचारलं असतं तर माझ्या ध्येनात ऱ्हायलं असतं.

आन मी तवा काय म्हणले असते सांगू? नवी नवरी मी, हातात त्यानंच भरलेल्या बांगड्या. जलमभर टिकंल, म्हणले असते. खोटं ठरलं असतं ते. पन इचारायचं तरी हुतं ओ.

आसू दे. बंद करा तुमचं ते आता, मला निघायचंय, जीप भरत आली असंल, आज एका नव्या गावाचा बाजार हाय आन तितल्या एका बाईचा निरोप आलाय की भाभी, मला थोडं थोडं आठवतंय. थांबा, जायच्या आधी हात द्या हिकडं. बगा, किती आवळून धरलाय. सैल सोडा. तुमाला येत असंल ते म्हणा काय तरी, लाजू नका, मी हाय न्हवं. ही एक माझ्याकडनं, पैशाची न्हाई, आशीर्वादाची. सुखी ऱ्हावा.